'दिवस मावळला' हे चूक कसं?

कराडकर: पाचवीतल्या भाचीने निबंधात लिहिलं, 'दिवस मावळल्यावर गुरं घरी आली.' बाईंनी 'दिवस' खोडून 'सूर्य' केलं आणि अर्धा गुण कापला. मला हे अजिबात पटलेलं नाही. आमच्याकडे दिवसच उगवतो, डोक्यावर येतो, कलतो आणि बुडतो. 'दिवस कासराभर वर आला' म्हटलं की घड्याळ बघावं लागत नाही; बैलाच्या कासऱ्याएवढा तो क्षितिजावर चढलेला असतो. 'सूर्य' रथसप्तमीच्या पूजेत, पत्रिकेत आणि पुस्तकात.

शाळामास्तरीण: मी स्वतः शिकवते. बोलीला नावं ठेवायची नाहीत, पण सूर्य हा तारा आणि दिवस म्हणजे 24 तास, हे मुलांच्या डोक्यात पक्कं बसवताना नाकी नऊ येतात. दोन्हींना एकच शब्द चालवला तर घोळ होतो. लेखनात प्रमाण शब्दच हवा.

रुईचं_पान: कसला घोळ? 'अर्क' म्हणजे सूर्य, रुई आणि बाटलीतला ओव्याचा अर्कसुद्धा. सूर्यनमस्काराची सुरुवातच 'मित्राय नमः' अशी होते, तरी सूर्य कुठला आणि शेजारचा मित्र कुठला हे पोरांना नीट कळतं. तमिळमध्ये 'ञायिरु' म्हणजे सूर्यही आणि रविवारही.

सदाशिवपेठ: मुद्दा वेगळा आहे. 'दिवस मावळला' आम्ही शहरातही म्हणतोच की. पण त्याचा अर्थ दिवसाची वेळ संपली, एवढाच. आकाशातल्या गोळ्याला दिवस कुणी म्हणत नाही. त्यामुळे 'दिवस म्हणजे सूर्य' हा दावा ताणलेला वाटतो.

कराडकर: म्हणतात. भर दुपारी आमची आजी ओरडते, 'दिवस ढगाआड गेला गं, वाळवण उचला!' तेव्हा कुठली वेळ संपलेली असते? बाराच वाजलेले असतात. ढगाआड तो गोळाच जातो. सकाळी अंगणात अंग शेकायला बसवताना 'दिवसाकडं पाठ कर' म्हणते, तेही त्यालाच उद्देशून.

सदाशिवपेठ: वाळवणाचं उदाहरण बिनतोड आहे. हा वापर मी ऐकला नव्हता. तरी परीक्षकाला तो माहीत असेलच असं नाही, आणि भुर्दंड मुलीला पडतो.

म्हापसेकार: आमच्या गोव्यात रविवारला 'आयतार' म्हणतात, म्हणजे आदित्यवारच. तो कुणी लाल शाईने खोडत नाही.

शाळामास्तरीण: विज्ञानाच्या पेपरात 'दिवस पूर्वेला उगवतो' लिहिलं तर मी गुण देणार नाही, हे आत्ताच सांगते.

कराडकर: देऊ नका. हा गुरांवरचा निबंध होता, बाई. सोमवारी शाळेत जाऊन तो अर्धा गुण मागणार आहे.