जुनी स्कूल व्हॅन घेतली, तिची कॅम्पर (आत झोपून प्रवास करायची गाडी) करायला घेतली, ती अर्धवट पडून आहे. विकावी की पूर्ण करावी?

संत्राबाग_मोर्शी:

नमस्कार. मोर्शी तालुक्यातल्या खेड्यातून लिहिते आहे. गाडी अंगणात लिंबाखाली उभी आहे, दीड महिन्यापासून तिला कोणाचा हात लागला नाही. या रविवारी एक गिऱ्हाईक पाहायला येणार आहे. त्याच्या आधी जाणत्या लोकांचं ऐकावं म्हणून हा धागा.

सासूबाईंचं माहेर चांदूरबाजारकडचं. लहानपणी त्या बहिरमच्या यात्रेला बैलगाडीनं जायच्या. राहुटी ठोकायची, तिथंच रोडगे भाजायचे, रात्री गाडीतच तणसावर झोपायचं. आता त्यांचे गुडघे गेले. लॉजचा जिना चढवत नाही, परक्या बिछान्यावर झोप लागत नाही. "माझं अंथरूण संग असलं तर मी कुठंही येतो," असं त्या एकदा म्हणाल्या आणि आमच्या ह्यांनी ते मनावर घेतलं. मागच्या साली संत्र्याचा आंबिया बहार चांगला गेला होता. मला त्या पैशात ठिबक बदलायचं होतं, मी चार दिवस बोलले नाही. तरी त्यांनी तेरा सीटची शाळेची ट्रॅव्हलर आणली. २०१४ ची नोंदणी, २ लाख ८५ हजार.

विकणाऱ्यानं सगळे कागद क्लिअर म्हणून सांगितलं होतं. नावावर करायला गेलो तर आरसीवर फायनान्सचा बोजा तसाच. त्यानं हप्ते फेडले होते, पण बोजा उतरवायचा फॉर्म ३५ आणि फायनान्सची एनओसी घेतलीच नव्हती. त्यात तीन महिने गेले. परमिट सरेंडर करायचं राहिलं होतं, त्याचे हेलपाटे वेगळे.

एप्रिलमध्ये सीटा काढल्या. खालची रबराची मॅट मी उचलली, शाळेला सुट्ट्या लागल्या होत्या. मी जिल्हा परिषद शाळेत शिकवते. मॅटखाली पेन्सिलींचे बोटाएवढे तुकडे, खोडरबर, एक लाल रिबीन, आणि दहा वर्षांच्या पाणीबाटल्यांचं मुरलेलं पाणी. पत्र्याचे पापुद्रे नखानं सुटत होते. मागच्या उजव्या चाकावरच्या पत्र्याला पेचकस टेकवला तर तो आरपार गेला आणि त्या भोकातून मला अंगणातली माती दिसली.

तेव्हापासून ही गाडी माझी झाली. मे महिनाभर पहाटे साडेपाच ते आठ मी वायर ब्रशनं पत्रा घासला. आठनंतर छताला हात लावला की चटका बसायचा. गावातल्या वेल्डिंगवाल्यानं दोन ठिगळं मारली, वर रेड ऑक्साइड लावलं. सुतारानं १८ मिलीच्या प्लायचा पलंग, पेट्या आणि ओटा केला. गाडी मागून बसली ती तेव्हापासून. सप्टेंबरात धुतली तर त्याच चाकावर ठिगळाच्या कडेनं पुन्हा गंज फुटलेला.

त्याच आठवड्यात मृग बहाराच्या संत्र्यांची गळ झाली. आतापर्यंत वरचा खर्च १ लाख ४० हजार झाला आहे. गिऱ्हाईक २ लाख ३० हजार देतो म्हणते. हे म्हणतात, देऊन टाकू. आणायला मी नको म्हणत होते, आता विकायलाही मीच नको म्हणते आहे, आणि याचं उत्तर मला नीट देता येत नाही.

सासूबाई काही बोलत नाहीत. पण त्यांनी उन्हाळ्यात जुन्या लुगड्यांची एक वाकळ शिवली आहे, त्या गाडीतल्या पलंगाच्या मापाची, सहा बाय अडीच फूट. घरातल्या कुठल्याच खाटेला ती होत नाही.

मला तीन गोष्टी सांगा. हा गंज थांबतो का? छताचं काय करायचं? आणि आरटीओत ही कशी दाखवायची?

धामणगाव_स्टेशन:

ताई, मी विका म्हणीन. माझीही अशीच होती, तीन वर्षं ठेवली. आपल्याकडे मार्च ते जून ती उभी, पावसात चिखलाची भीती, उरले चार महिने. त्यात शेतीचा हंगाम. वर्षातून वीस दिवस फिरली असेल. विमा, टायर, बॅटरी मात्र बाराही महिने चालू. बहार गळलेल्या साली कर्ज काढून पूर्ण करायची असेल तर मुळीच करू नका. आईंना चांगली गाडी भाड्यानं करून न्या, त्यांची वाकळ सोबत द्या.

पत्राकाम_परतवाडा:

वयनी, मी वीस वर्सं झाले हेच काम करून रायलो. इकाची का ठेवाची ते चेसिसले इचारा, आमाले नाई. गाडीखाली जा. लांब दोन बीम दिसतीन, समोरून मांगपर्यंत गेलेले. अर्ध्या किलोची हातोडी घ्या, आन् हातहात जागा सोडून ठोकत जा. खण्ण वाजलं तर लोखंड जित्तं हाय. भद्द वाजलं तं आतून खाल्लेलं. बीम दोनी जागी भद्द वाजला तं देऊन टाका, पैसा घालू नका. खालचा पत्रा सडला आसन तं ते काईच नाई, बदलून होते.

तुमचं ठिगळ फुटलं कावून? गंज ठेवून त्याच्यावर पत्रा मारला. चांगलं लोखंड लागेपर्यंत कापा लागते, मंग १६ गेजचा पत्रा, जोडाले सीलंट, वरून इपॉक्सी प्रायमर, खालून अंडरकोट. नुसतं रेड ऑक्साइड ओल धरते. आन् फ्लोरले पानी जायले भोकं ठेवजा. मॅट पुन्हा चिपकवू नका.

नागपूर_भटकंती:

कागदांबद्दल सांगतो, कारण मी उलट्या क्रमानं करून हात पोळून घेतले. आधी परवानगी, मग सुतार. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवर लिहिलेल्या रचनेत परस्पर बदल करता येत नाही. सीट काढून पलंग टाकला की तो बदलच. खासगी वापराची कॅम्पर व्हॅन बिगर-वाहतूक वाहनांत मोडते, त्यामुळे तुमच्या गाडीला आधी स्कूल बसचा वाहतुकीतला प्रकार सोडावा लागेल. तसं झालं की दरवर्षीचं पासिंग सुटतं आणि नोंदणी पंधरा वर्षं, म्हणजे २०२९ पर्यंत. पुढे पाच-पाच वर्षांचं नूतनीकरण. परमिट सरेंडर केलं आहे तर अवघड अर्धं काम झालं. अमरावतीला स्वतः जाऊन अर्ज द्या, पक्कं काम करण्याआधी काय चालेल ते लेखी घ्या. विमा कंपनीलाही बदल कळवा, नाहीतर अपघाताच्या वेळी दावा अडतो.

मागून बसण्याचं कारण प्लाय. १८ मिलीचं आठ बाय चारचं एक पान ३० किलोच्या वर जातं. पलंगाची फळी १२ मिलीची करा, बाकी पेट्या ॲल्युमिनियमच्या सेक्शनवर. १०० लिटरची पाण्याची टाकी भरली की पाणीच १०० किलो, ती मागच्या चाकांच्या पुढे ठेवा. आणि एकदा काट्यावर तोलून आणा.

सेवाग्रामची_आत्या:

मी ६३ वर्षांची आहे, गाडीत झोपणाऱ्यांपैकी, म्हणून आईंच्या बाजूनं बोलते. पायरी आधी करा. दारातून जमीन दीड फूट खाली असते, गुडघ्यांना ती विहिरीएवढी वाटते. माझ्या मुलानं घडीची लोखंडी पायरी आणि दाराच्या आत उभा दांडा लावला, त्या दिवसापासून मी कोणाला हाक न मारता उतरते. रात्री उठण्यासाठी झाकणाची बादली आणि छोटा पडदा, यात लाजण्यासारखं काही नाही.

छताला बाहेरून पांढरा रंग, आतून उष्णता अडवणारा क्रॉसलिंक फोम चिकटवा, मग थोडी पोकळी सोडून पॅनेल. काचलोकर नको, हादऱ्यांनी खाली बसते आणि ओल धरते. एसीच्या नादी लागू नका. १२ व्होल्टची १०० अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी म्हणजे साधारण १२८० वॅट-तास. वीस वॅटचे दोन पंखे दहा तास चालवले तर ४०० जातात, आरामात पुरते. एक टनाचा एसी ती तासाभरात संपवेल. गॅस ठेवाल तर सिलिंडरच्या पेटीला तळाशी भोक हवंच, गळालेला गॅस खाली बसतो.

धामणगावचे दादा म्हणतात वीस दिवस. मला ते वीस दिवस पुरतात.

संत्राबाग_मोर्शी:

सगळ्यांचे आभार. धामणगावच्या दादांचं यांना वाचून दाखवलं, त्यांना पटलं. कर्जाचं तर मलाही पटलं, कर्ज काढणार नाही हे आमचं ठरलं.

मग काल संध्याकाळी आम्ही दोघं हातोडी घेऊन गाडीखाली शिरलो. मी टॉर्च धरला, हे ठोकत गेले. डावा बीम या टोकापासून त्या टोकापर्यंत खणखणीत. उजवाही तसाच, फक्त मागच्या चाकाच्या वर वीतभर जागेत आवाज बसलेला. यांनी तीच जागा सात-आठ वेळा ठोकली. बाहेर निघालो तर सासूबाई खुर्ची टाकून बसलेल्या. "कसा वाजला?" एवढंच विचारलं.

रविवारच्या गिऱ्हाइकाला यांनी फोन करून थांबायला सांगितलं आहे, नाही म्हटलेलं नाही. प्लायच्या पेट्या काढून टाकतो. सोमवारी अमरावतीला जाऊन अर्ज द्यायचा आहे. परतवाड्याच्या भाऊंना एकच विचारते: वीतभर जागा, एकाच बीमला. हे चालतं की हेही सोडून देण्यातलं?

पत्राकाम_परतवाडा:

एकाच जागी इतभर हाय तं कापून प्लेट मारता येते, पन पाह्यल्याशिवाय वचन देत नाई. हळू चालवत आनजा, चाळीसच्या वर नको. टाकीत डिझेल कमी ठेवजा आन् बॅटरीची तार घरूनच काढू नका, इथं मी काढतो वेल्डिंगच्या आधी. बुधवारी या.