[मंडळ यादी] पुढची सायकल सहल: स्पेनमध्ये, मोटारी नसलेल्या वाटेने

प्रेषक: सहल समिती

नमस्कार मंडळी,

दिवाळीच्या बैठकीत ठरल्याप्रमाणे पुढच्या वर्षीची सायकल सहल नेदरलँड्सबाहेर न्यायची आहे, आणि बहुतेकांचा कौल स्पेनला आहे. द्राक्षमळे आणि ऑलिव्हच्या बागा पाहायच्या, वाटेत मोटारी नकोत, चढ बेताचाच हवा. आठ-नऊ वर्षांच्या मुलांपासून सत्तरी ओलांडलेल्या आजी-आजोबांपर्यंत सगळे येणार आहेत. कोणी त्या बाजूला सायकल चालवली असेल तर सविस्तर लिहा. नुसतं "छान आहे, जरूर जा" नको.

*

प्रेषक: उत्रेख्तहून

नमस्कार,

आंतरजालावर स्पेनमधल्या खडीच्या सायकलवाटा शोधाल तर बऱ्याचशा तरुणांच्या दमाच्या निघतील. शेतरस्त्याने डोंगर चढायचा आणि पलीकडे उतरायचा. आपल्याला हवी ती 'व्हिया व्हेर्दे'. बंद पडलेल्या रेल्वेमार्गांचे रूळ उचलून त्या जागी चालणाऱ्यांसाठी आणि सायकलींसाठी केलेल्या या वाटा. १९९३ मध्ये हा कार्यक्रम सुरू झाला आणि आज अशा वाटांची लांबी ३,००० किलोमीटरच्या वर गेली आहे.

रेल्वेमार्गच का, ते सांगते. वाफेच्या इंजिनाला चढ सोसत नाही. म्हणून तेव्हाच्या इंजिनियरांनी डोंगर पोखरले, दऱ्यांवर पूल टाकले, पण चढ दोन-तीन टक्क्यांच्या वर सहसा जाऊ दिला नाही. तो सगळा खर्च आज आपल्या आजींच्या गुडघ्यांच्या कामी येतो. डोंगराळ मुलुखात मुलं, आजी आणि आपण एकाच वेगाने, गप्पा मारत जाऊ शकतो ते त्यामुळेच.

माझं मत वाल दे साफानच्या मार्गाला. ईशान्य स्पेनमधल्या आरागॉनमधून निघून एब्रो नदीच्या मुखाशी समुद्राला भिडायचं, असा हा रेल्वेमार्ग आखला होता. १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला तो तोर्तोसापर्यंत पोचला, समुद्रापर्यंत कधीच गेला नाही, आणि १९७३ मध्ये एका बोगद्यात पडझड झाल्यावर बंद झाला. आर्नेस-येदो स्टेशनपासून तोर्तोसापर्यंतचा तुकडा साधारण ५० किलोमीटरचा आहे. आर्नेसहून निघालं की जवळजवळ सगळी वाट उताराची, आणि उतारही इतका मंद की ब्रेक दाबत बसावं लागत नाही.

सुरुवातीला तेर्रा आल्ता हा वाइनचा प्रदेश लागतो. पांढऱ्या गार्नाचा द्राक्षासाठी तो ओळखला जातो. मधेमधे बदाम, ऑलिव्ह, उजवीकडे एल्स पोर्ट्स डोंगररांगेचे उघडे खडक. थोडं आत ऑर्ता दे सांत जोआन हे गाव आहे. पिकासो तरुणपणी १८९८ मध्ये तिथे राहिला आणि १९०९ मध्ये पुन्हा आला. पुढे बोट नावाच्या गावाचं स्टेशन, मग बोगदेच बोगदे, खाली कानालेतेस नदी आणि फोंतकाल्दाचे कोमट पाण्याचे झरे. तिथे मुलांना पाण्यात सोडायला अर्धा दिवस राखून ठेवा. बेनिफायेतपासून एब्रोची साथ मिळते. शेर्ताच्या आसपास हवा बदलते आणि द्राक्षांच्या जागी संत्री दिसू लागतात.

दोन वायनऱ्यांसाठी मात्र वाट सोडायला हवी. फायलोक्सेरा किडीने युरोपभर वेली मारल्यानंतर इथल्या लहान शेतकऱ्यांनी सहकारी संस्था काढल्या. बार्सिलोनाचा प्रसिद्ध वास्तुविशारद गाउदी याच्या हाताखाली तयार झालेल्या सेझार मार्तिनेल या वास्तुविशारदाने त्यांना गांदेसात आणि एल पिनेल दे ब्रायमध्ये देवळासारख्या उंच विटांच्या कमानींच्या इमारती बांधून दिल्या. लोक त्यांना 'वाइनची कॅथेड्रल' म्हणतात. हातावर पोट असलेल्या शेतकऱ्यांनी आपल्या द्राक्षांसाठी इतकी देखणी इमारत उभारावी, हे मला फार मोठं वाटतं. एल पिनेल चढावर आहे, त्यामुळे तिथे ज्यांना झेपेल त्यांनी सायकलने जावं, बाकीच्यांनी टॅक्सीने.

आणखी एक. हाच मुलूख स्पेनच्या यादवी युद्धातल्या १९३८ च्या एब्रोच्या लढाईचा. कोर्बेरा दे एब्रेचं जुनं गाव बाँबहल्ल्यांत उद्ध्वस्त झालं ते तसंच ठेवलं आहे. रेल्वेमार्गाच्या कामावरही युद्धकैदी राबले. मोठ्या मुलांना हे सांगून न्या.

*

प्रेषक: आइंडहोवनहून

उत्रेख्तच्या ताई, तुमचा मार्ग सुंदर आहे हे मान्य. पण समितीने ऑलिव्ह म्हटलंय, आणि ऑलिव्ह पाहायचे तर दक्षिण स्पेनमधल्या आंदालुसियाला पर्याय नाही.

हाएन प्रांतात ऑलिव्हची सहा कोटींहून जास्त झाडं आहेत. एका टेकडीवर उभं राहिलं की क्षितिजापर्यंत दुसरं पीकच दिसत नाही. तिथून 'व्हिया व्हेर्दे देल आसेइते', म्हणजे तेलाची वाट, निघते. हाएन ते कोर्दोबा प्रांतातलं पुएन्ते हेनिल, १२८ किलोमीटर. लिनारेस-पुएन्ते हेनिल हा रेल्वेमार्ग १८९३ मध्ये पूर्ण झाला. तेल पुएन्ते हेनिलपर्यंत यायचं आणि तिथून मालागाच्या बंदराकडे जायचं. १९८० च्या दशकात गाडी बंद झाली, पण लोखंडी पूल उभे आहेत. ग्वादाहोस नदीवरचा तर २०० मीटरच्या आसपास लांब आहे. त्याच्या मधोमध सायकल थांबवली तर दोन्ही बाजूंना ओळीने लावलेली झाडं आणि खाली पाणी, बस्स.

एवढं अंतर सगळ्यांना नको असेल तर काब्रा, दोन्या मेन्सिया, सुएरोस, लुके हा टप्पा घ्या, वीस-पंचवीस किलोमीटरचा. दोन्या मेन्सियाच्या जुन्या स्टेशनात सायकली भाड्याने मिळतात, लुकेच्या स्टेशनात जेवण मिळतं. सुएरोस कड्यावर वसलेलं पांढरं गाव आहे. वर एक मोठी गुहा, तिचं नाव 'वटवाघळांची गुहा'.

शिवाय तेलाचा घाणा पाहता येतो. ऑक्टोबरअखेर फळ हिरवं असतानाच थोडी तोडणी सुरू होते. तेव्हा तेल कमी निघतं, पण हिरवंगार, कडवट आणि घशाला मिरचीसारखं झोंबणारं. तो झोंबरेपणा दोष नाही, ताज्या तेलाची ती खूण आहे. दुकानातली बाटली पाहून ऑलिव्ह तेल मचूळ असतं असं मानणाऱ्या प्रत्येकाने घाण्यावर पावाचा तुकडा बुडवून खावा, असं मी अगदी आग्रहाने म्हणेन. हाएनकडे पिकुआल जात, कोर्दोबाकडे पिकुदो आणि ओहिब्लांका. तिन्हींची चव वेगळी कळते.

*

प्रेषक: ग्रोनिंगनहून

मी यवतमाळचा. हे वाचून शकुंतला रेल्वे आठवली. आमच्याकडची नॅरोगेज कापसासाठी घातली, तशीच यांची रेल्वे तेलासाठी. शकुंतलेचीही गाडी बंद आहे. रूळ गेले तरी स्टेशनं, पूल आणि बोगदे गावांच्या उपयोगी कसे ठेवायचे, हे पाहायला मी तरी नक्की येणार. मार्ग कोणताही ठरवा. जुन्या स्टेशनात मुक्काम किंवा जेवण असेल तर तेच घ्या, म्हणजे आपले पैसे त्याच गावात राहतील.

*

प्रेषक: हार्लेमहून

माझे तीन प्रश्न. बोगद्यांत उजेड असतो का? मला काळोखात सायकल चालवायची भीती वाटते. आम्ही दोघं शाकाहारी, तिथे खायचं काय? आणि वाइन चाखून पुन्हा सायकलवर बसायचं, हे चालतं का?

*

प्रेषक: उत्रेख्तहून

मावशी, क्रमाने सांगते.

तेर्रा आल्ताच्या टप्प्यात वीसेक बोगदे आहेत. काहींत दिवे आहेत, पण त्यांच्या भरवशावर राहायचं नाही. प्रत्येकाच्या सायकलला पुढे चांगला दिवा हवा. बोगद्यात शिरण्याआधी गॉगल काढायचा, आणि बाहेर उन्हाने डोळे दिपलेले असतील तर क्षणभर थांबूनच आत जायचं. आत गार असतं, जाकीट हाताशी असू द्या. तुम्ही माझ्या मागे राहा, मी हळू जाईन. वाटलं तर बोगदे आपण चालत पार करू.

खाण्याचं जपून बघावं लागतं. 'मांस नको' म्हटलं तरी वरून हामोन, म्हणजे डुकराच्या मांसाचे काप, भुरभुरून येतात, कारण पुष्कळांच्या लेखी ते मांसात मोडतच नाही. तेव्हा "सिन कार्ने, सिन हामोन, सिन आतुन" असं तिन्ही सांगायचं. आतुन म्हणजे टूना मासा. मसूर मागवताना त्यात चोरिसो, म्हणजे डुकराच्या मांसाचं सॉसेज, आहे का ते विचारायचं. निर्धास्त खाण्यासारखं: टोमॅटो चोळून तेल घातलेला पाव, भाजलेल्या वांग्या-मिरच्यांचं एस्कालिवादा, ऑलिव्ह, बदाम, चीज. दुपारी चारनंतर रात्री साडेआठपर्यंत बहुतेक स्वयंपाकघरं बंद असतात, म्हणून मुलांसाठी पिशवीत खाऊ हवाच.

वाइनचं उत्तर स्पष्ट आहे. स्पेनमध्ये दारू पिऊन वाहन चालवण्याची मर्यादा सायकलस्वारालाही लागू आहे. चाखायची ती दिवसाची सायकल संपल्यावर, मुक्कामी.

हेल्मेटचंही सांगून ठेवते, कारण इथे नेदरलँड्समध्ये आपल्याला सवय नाही. स्पेनमध्ये गावाबाहेर सायकलवर हेल्मेट सक्तीचं आहे, आणि सोळा वर्षांखालच्या मुलांना गावातही.

आइंडहोवनच्या दादांचं म्हणणं मला पटतं, तेल तिकडेच पाहावं. पण काब्रा-लुकेकडे आज रेल्वे जात नाही. एवढ्या माणसांना बसने न्यायचं, मुलांच्या मापाच्या सायकली मिळवायच्या, हे पहिल्याच परदेशी सहलीत जड जाईल. तोर्तोसाला बार्सिलोनाहून थेट रेल्वे आहे, आणि सायकली देणारे लोक व्हॅनने आर्नेसपर्यंत वर सोडतात. थकलेल्या माणसाला मधल्या गावातून गाडीने पुढेही नेता येतं. ऑलिव्ह इथेही आहेत, एब्रोच्या खालच्या भागात तर फार जुनी झाडं आहेत. पहिल्या वर्षी साफान, पुढच्या वर्षी तेलाची वाट, असं करू या का?

*

प्रेषक: आइंडहोवनहून

ताई, चालेल. माझा हट्ट फक्त ऑक्टोबरचा. मे महिना सुंदर असतो, पण तेव्हा बागेत फक्त मोहर असतो, माणसं कामावर दिसत नाहीत. जुलै-ऑगस्टचं नावही नको, त्या उन्हात मुलांना बाहेर काढणं धोक्याचं आहे. शाळेच्या शरद सुट्टीत गेलो तर द्राक्षं उतरलेली असतील, वेलींची पानं लाल झालेली असतील, वायनऱ्यांत रस आंबत असेल आणि ऑलिव्हची पहिली तोडणी लागलेली असेल.

एक सूचना: टायर ३५ ते ४० मिलिमीटर रुंद मागा आणि ट्यूबमध्ये पंक्चर भरणारं द्रावण घालून द्या म्हणून सांगा. आपल्याकडचा सराटा तिथल्या वाटांच्या कडेलाही वाढतो, आणि टायरच्या बाबतीत तो तिथेही तितकाच वाईट.

*

प्रेषक: सहल समिती

सर्वांचे मनापासून आभार. साफानचा मार्ग, शरद सुट्टी, चार दिवस सायकल आणि एक दिवस गांदेसा व कोर्बेरासाठी, असा आराखडा करतो. नेदरलँड्सच्या उत्तर, मध्य आणि दक्षिण विभागांच्या शाळांच्या सुट्ट्या सगळ्या एकाच आठवड्यात येत नाहीत, तेव्हा मुलांच्या शाळेचा विभाग आधी कळवा. सोबत प्रत्येकाची उंची सेंटीमीटरमध्ये, विजेची सायकल हवी की साधी, आणि शाकाहारी असाल तर तसं. हेल्मेट घरचं आणायचं. लहान मुलांच्या सायकली मोजक्याच असतात, म्हणून मुलं असलेल्या कुटुंबांनी पहिल्यांदा उत्तर द्यावं, ही विनंती.