छोटा ट्रॅव्हल ट्रेलर : स्कॅम्प १३, टॅब ३२० की कसीटा १७? आतल्या रचनेविषयी मत हवे आहे

तलावपाळी (ठाणे) :

माझा मुलगा मिशिगनमध्ये अ‍ॅन आर्बरला राहतो. पुढच्या उन्हाळ्यापूर्वी तो गाडीमागे जोडून न्यायचा छोटा ट्रॅव्हल ट्रेलर घेणार आहे. आम्ही दोघे जून ते सप्टेंबर तिकडे असलो की महिन्यातून दोनदा तरी त्यातून तलावाकाठी मुक्कामाला जायचे, असा बेत आहे. सूनबाईंची नोकरी शनिवार-रविवारचीही असल्याने बहुतेक वेळा मुलगा, मी आणि सौ. असे तिघेच असू. मी निवृत्त ड्राफ्ट्समन. नकाशा समोर आला की पेन्सिल घेऊन बसायची सवय सुटत नाही, म्हणून निवडीचे काम मुलाने माझ्याकडे सोपवले आहे.

यादी तीन नावांवर आली आहे. पहिला स्कॅम्प १३, पुढच्या बाजूला बाथरूम असलेला. तेरा फूट ही त्याची दांड्यासकट लांबी असून प्रत्यक्ष खोली बाहेरून १० फूट लांब आणि ६ फूट ८ इंच रुंद आहे. मागे टेबल आणि समोरासमोर दोन बाके. टेबल खाली उतरवून त्यावर गाद्या पसरल्या की साधारण साडेचार फूट रुंदीचा पलंग होतो. दुसरा टॅब ३२० एस, दांड्यासकट १५ फूट ३ इंच, अश्रूच्या थेंबासारख्या आकाराचा आणि दिसायला तिघांत सर्वांत देखणा. मात्र त्याची आतली उंची ५ फूट ९ इंच आणि आमचे चिरंजीव ५ फूट ११ इंच. तिसरा कसीटा १७ स्पिरिट डीलक्स. यात पुढे बाथरूम, एका बाजूला दोघांपुरते छोटे टेबल ज्याचा एकट्याचा बिछाना होतो, आणि मागे मोठे टेबल ज्याचा दोघांचा पलंग होतो.

गाडी टोयोटा हायलँडर हायब्रिड आहे, जिची ओढण्याची मर्यादा ३,५०० पौंड, म्हणजे सुमारे १,५८८ किलो आहे. सौ.च्या उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली आहे आणि मला रात्री दोनदा उठावे लागते. कागदावर तिन्ही रचना सारख्याच सोयीच्या वाटतात, आणि कागदावर सगळेच सोयीचे वाटते हे चाळीस वर्षांच्या नोकरीत मी पुरेपूर पाहिलेले आहे. प्रत्यक्ष वापरलेल्यांनी कृपया सांगावे.

सीवूड्सची सून :

आम्ही सहा वर्षे ओहायोत होतो आणि तिथे दोन उन्हाळे मैत्रिणीच्या जुन्या स्कॅम्पमधून हिंडलो, त्यामुळे त्याबद्दल खात्रीने लिहू शकते.

आपल्या प्रश्नातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य शेवटच्या परिच्छेदात आहे, रात्री दोनदा उठण्याचे. स्कॅम्प काय किंवा कसीटा काय, मागचा पलंग आडवा असतो, म्हणजे झोपणाऱ्याचे डोके एका बाजूच्या भिंतीला आणि पाय दुसऱ्या बाजूच्या भिंतीला. साहजिकच दोघांपैकी एकजण मागच्या खिडकीला चिकटून झोपतो आणि त्याला उठायचे झाले तर दुसऱ्याला ओलांडूनच यावे लागते. विशीत याचे काही वाटत नाही. आपण कडेला झोपलात तर आपली सोय होईल, पण पहाटे सौ.ना उठायचे झाले की शस्त्रक्रिया झालेला गुडघा टेकवून त्यांना आपल्यावरून यावे लागेल, याचा विचार नकाशा पाहतानाच करावा.

दुसरी गोष्ट टेबलाचा पलंग करण्याची. रेल्वेच्या सेकंड एसीत साइड लोअरच्या दोन खुर्च्या पाडून बर्थ करतो, तसाच हा प्रकार आहे, आणि पाठीला मध्यभागी लागणारी ती फटही तशीच असते. एका रात्रीच्या प्रवासाला चालते. पण रोज रात्री टेबल काढायचे, गाद्या जुळवायच्या, चादर खोचायची आणि सकाळी चहाच्या आधी ते सगळे उलटे करायचे, याला चौथ्या दिवशी कंटाळा येतो. आम्ही अखेरीस टेबल लावणेच सोडून दिले आणि पाऊस असला की पलंगावर वर्तमानपत्र पसरून मांडी घालून जेवत होतो. म्हणून माझे मत असे, की ज्या रचनेत मागचा पलंग कायमचा अंथरून ठेवता येतो आणि बसायला दुसरी जागा उरते, तीच घ्यावी. आपल्या यादीत तसा कसीटाच आहे. पुढे बाथरूम असलेल्या स्कॅम्प १३मध्ये पलंग अंथरला की बसायला काहीच उरत नाही आणि तिसऱ्या माणसाला तर जागाच नाही. टॅब ३२० देखील मुळात दोघांचाच आहे.

बाथरूमबद्दल मात्र अजिबात काळजी करू नका. या छोट्या ट्रेलरमध्ये कमोड आणि शॉवर एकाच चौकोनात असतात आणि अंघोळ केली की सगळे ओले होते, म्हणून तिथली मंडळी नाके मुरडतात. आपल्यापैकी निम्म्यांची वाढ तसल्याच बाथरूममध्ये झाली आहे. एक वायपर न्यावा आणि कागदाची गुंडाळी झाकणाच्या डब्यात ठेवावी, एवढे पुरे. फक्त बादलीभर पाण्याची अंघोळ विसरावी लागते, कारण पाण्याची टाकी लहान असते आणि सांडपाण्याची टाकीही तितक्याच लवकर भरते. अंगाला साबण लावताना शॉवर बंद ठेवण्याची शिस्त आमच्या घरात तेव्हा लागली, ती अजून टिकून आहे.

पाणसळ (तळोजा) :

वरील प्रतिसादाशी रचनेपुरता मी सहमत आहे. परंतु कसीटा घ्या असे सांगण्यापूर्वी वजनाचा हिशेब मांडायला हवा होता.

कसीटा १७ स्पिरिट डीलक्स रिकामा असताना साधारण २,५०० पौंडांच्या आसपास भरतो. त्यात ७५ लिटर पाणी धरले तर तेच ७५ किलो, म्हणजे १६५ पौंड. त्यावर गॅसच्या टाक्या, बॅटरी, भांडीकुंडी, अंथरुणे, खुर्च्या, तिघांचे कपडे आणि आपल्या माणसांसोबत हमखास असणारी तांदळाची पिशवी व कुकर धरले की ३,००० पौंडांचा आकडा सहज गाठला जातो. ३,५००च्या मर्यादेत हे बसते असे वाटेल, पण खरा अडथळा वेगळाच आहे. ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार गाडीच्या हिचवर, म्हणजे ट्रेलर जोडायच्या मागच्या जोडावर, पडायला हवा, त्याला तिकडे टंग वेट म्हणतात. म्हणजे ३,००० पौंडांना ३०० ते ४५०. हिचवर किती भार चालेल याची मर्यादा गाडीच्या पुस्तिकेत निराळी दिलेली असते, आणि ती बहुधा ओढण्याच्या मर्यादेच्या एक दशांश असते. आपल्या बाबतीत ती ३५० असण्याची शक्यता आहे. कसीटाचा हा मॉडेल हिचवर जड पडतो अशी त्याची ख्यातीच आहे, आणि ४००च्या आसपासचे आकडे त्याचे मालक नेहमी सांगतात. शिवाय हिचवरचा भार हा गाडीत बसलेली माणसे आणि सामान यांच्या वजनातच मोजला जातो, हे बहुतेक जण विसरतात.

पुढचा भार कमी करायचा म्हणून सामान ट्रेलरच्या मागच्या टोकाला सरकवणे हा उपाय मुळीच करू नये. हातगाडीवर मागे जास्त पोती लादली की दांडे वर उचलले जातात आणि गाडी हाताखाली राहत नाही, हे आपण बाजारात रोज पाहतो. ट्रेलरमध्ये हेच महामार्गाच्या वेगात घडते, शेजारून मोठा ट्रक गेला की ट्रेलर शेपटीसारखा हलू लागतो आणि तो गाडीलाही सोबत ओढतो. जड सामान चाकांच्या वर किंवा किंचित पुढे, जमिनीलगत ठेवावे. ट्रेलरला स्वतःचे विजेचे ब्रेक आणि गाडीत त्यांचा कंट्रोलर हवाच. अनेक राज्यांत ३,००० पौंडांपासून पुढे ते सक्तीचे आहेत, पण त्याखालीही मी ते सोडणार नाही. सगळे सामान भरून एकदा ट्रक थांब्यावरच्या वजनकाट्यावर गाडी आणि ट्रेलर दोन्ही चढवावेत; कंपनीच्या पत्रकातील वजनावर विसंबू नये.

बांधणीबद्दल थोडे. स्कॅम्प आणि कसीटा दोन्ही फायबरग्लासच्या दोन अर्ध्या कवचांचे असतात, डब्यावर झाकण बसवावे तसे. ही पद्धत कॅनडात १९६८ साली विनिपेगला निघालेल्या बोलर नावाच्या १३ फुटी ट्रेलरने रूढ केली. लाकडी सांगाड्यावर पत्रा किंवा पॅनेल लावलेल्या ट्रेलरच्या छपराला जेवढे सांधे असतात, तेवढे इथे नसतात, त्यामुळे गळतीची ठिकाणे कमी होतात. तीस-चाळीस वर्षांपूर्वीचे असे ट्रेलर आजही रस्त्यावर दिसतात, त्याचे कारण हेच.

आणि हो, माझ्या टोपणनावाला जागून सांगतो, एक छोटी पाणसळ सोबत असू द्यावी. पलंग आडवा असल्यामुळे ट्रेलर एका बाजूला कलला की रात्रभर डोके खाली आणि पाय वर, अशी गत होते. चाकाखाली ठोकळा घालून आधी डावे-उजवे समतल करायचे आणि मग पुढच्या जॅकने पुढे-मागे.

आळशी बोका :

टॅबची बाजू कोणी घेत नाही म्हणून लिहितो. मुलाची उंची आड येते हे मान्य, पण त्यात येणारी अल्डे नावाची स्वीडिश हीटिंग व्यवस्था ज्याने अनुभवली त्याला इतर काही आवडत नाही. बॉयलरमध्ये तापलेले द्रावण भिंतींच्या कडेने फिरते, त्यामुळे पंख्याचा आवाज नाही आणि ऊब सगळीकडे सारखी. बाकीच्या ट्रेलरमधली नेहमीची भट्टी रात्री दर थोड्या वेळाने घोंघावत सुरू होते. मिशिगनचा सप्टेंबर थंड असतो, म्हणून म्हटले.

स्वयंपाकासाठी एकच सल्ला. फोडणी बाहेर करा. दहा फुटांच्या खोलीत हिंग-मोहरी तडतडली की तो वास गाद्यांमध्ये मुरतो आणि रात्रभर आपण कांदेपोह्यांत झोपल्यासारखे वाटते. फ्रीज गॅसवर चालणारा आहे की बॅटरीवरचा कॉम्प्रेसर, हेही विचारून घ्या. गॅसवरचा आवाज करत नाही, पण ट्रेलर कललेला असेल तर नीट गार करत नाही. म्हणजे तिथेही पाणसळ आहेच.

तलावपाळी (ठाणे) :

सर्वांचे मनापासून आभार. आपले प्रतिसाद वाचून रविवारी सकाळी मी सोसायटीच्या स्टिल्ट पार्किंगमध्ये खडूने तिन्ही नकाशे पूर्ण मापात आखले. स्कॅम्पची सगळी खोली आमच्या वॅगन आरच्या जागेत मावली. वॉचमनने येऊन पाणीपुरीचा गाडा टाकणार का, असे विचारले.

पलंगाच्या जागी सतरंजी अंथरून आम्ही दोघे खरोखर आडवे झालो. सौ. भिंतीच्या बाजूला, मी कडेला. तिने दोनदा मला ओलांडून पाहिले; दुसऱ्यांदा हात माझ्या बरगडीवर टेकला आणि तिथेच निकाल लागला. मग कसीटाच्या नकाशात मी बाजूच्या एकट्याच्या बिछान्यावर गेलो, जिथून बाथरूमचे दार दोन पावलांवर आहे, आणि मागचा पलंग पूर्ण तिला दिला. ही रचना दोघांनाही पटली. रात्री छोटे टेबल उतरवायचा खटाटोप माझ्याकडे आला, पण उठावे मलाच लागते तेव्हा तक्रारीला जागा नाही. मुलगा बाहेर तंबूत झोपायला तयार आहे. टॅबमध्ये मान वाकवून उभे राहण्यापेक्षा ते बरे, असे त्याचे म्हणणे पडले.

पाणसळ यांचा अंदाज मात्र बरोबर निघाला. सूनबाईंनी वाकून हिचवरच्या लेबलचा फोटो पाठवला, त्यावर ३५०च आहे. तेव्हा कसीटा घ्यायचा तर गाडी बदलावी लागेल. सूनबाई तसेही मोठ्या गाडीसाठी दोन वर्षे मागे लागल्या आहेत, त्यामुळे घरात या अडचणीचे दुःख सर्वांना सारखे झालेले नाही. जुना कसीटा पाहायला जायचे ठरल्यास काय तपासावे, एवढे सांगावे.

पाणसळ (तळोजा) :

कवचातून आरपार गेलेले रिव्हेट आधी पाहावेत. वरच्या टोप्या निघालेल्या असतील तर पाणी तिथूनच आत उतरते. मग आतल्या कपाटांच्या वरच्या कोपऱ्यांत आणि खिडक्यांच्या खाली हात फिरवून ओल लागते का ते बघावे. दाराजवळची आणि बाथरूमलगतची जमीन बुटाच्या टाचेने दाबून पाहावी, मऊ लागली तर खालचे लाकूड कुजलेले आहे. टायरवर कितीही नक्षी शिल्लक दिसली तरी त्याच्या कडेवर छापलेले उत्पादनाचे वर्ष वाचावे, कारण ट्रेलरचे टायर झिजण्याआधी उन्हात उभे राहूनच म्हातारे होतात. आणि पाहायला जाताना सौ.ना सोबत न्या. खडूच्या रेघेला दाराची पायरी नव्हती.