कारण लिहायचा रकाना कुठाय? (अनुभव लिहा)

शेवग्याची शेंग
भाचीचा बारावीचा निकाल लागला, सायन्स, 58 टक्के. दहावीला 91 होते. मधे ताईच्या मिस्टरांची नाशिकहून नागपूरला बदली झाली, अकरावी अर्धी इकडे अर्धी तिकडे, आणि बारावीच्या दिवाळीनंतर टायफॉइड झाला तो उलटला. काल ती अ‍ॅडमिशनचा फॉर्म तीनदा वरखाली करून म्हणाली, मावशी, यात टक्के टाकायला जागा आहे, कारण लिहायला कुठाय? मला उत्तर देता आलं नाही. ज्यांचं असं झालंय त्यांनी प्लीज लिहा. धीर वगैरे देऊ नका, तो नातेवाईक फोन करकरून देतायत, तुम्ही पुढे काय केलंत ते सांगा.

कसारा लोकल
माझं 2023 चं आहे. आमची लालबागची चाळ रिडेव्हलपमेंटला गेली, बिल्डरच्या भाड्यात बदलापूरला वन बीएचके मिळाला, कॉलेज मात्र दादरलाच. सकाळची ट्रेन, लटकून. बारावीच्या ऑगस्टमध्ये मानेला गाठ आली, आईला वाटलं दाढेची आहे, निघाला टीबी. सहा महिन्यांचा कोर्स, पहिले दोन महिने चार औषधं एकत्र, तीही उपाशीपोटी. पहिल्याच दिवशी लघवी नारिंगी झाली, मी संडासातून ओरडलो, आई आली, आईने बाबांना बोलावलं, तिघं उभे बघत. डॉक्टर फोनवर हसले, म्हणे औषधाचा रंग आहे तो. मला नाही हसू आलं. सरकारचे पोषणाचे महिना 500 रुपये खात्यात यायचे, त्याची आई अंडी आणायची आणि मी ओकायचो.

प्रिलिम दिली नाही. बोर्डाला पीसीएममध्ये (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) 47 टक्के. बाबा सगळे रिपोर्ट नि एक्सरे प्लॅस्टिकच्या फाईलमध्ये घालून एका कॉलेजात गेले, साहेबांनी फाईल उघडलीसुद्धा नाही, म्हणाले सगळेच असं सांगतात. त्या दिवशी बाबा घरी येऊन जेवले नाहीत.

पण शेंगताई, मुद्द्याचं हे की इंजिनिअरिंगला बारावीचे मार्क फक्त पात्रतेपुरते, ओपनला पीसीएममध्ये 45, पुढे सगळं सीईटीच्या, म्हणजे प्रवेश परीक्षेच्या, पर्सेंटाइलवर. सीईटीपर्यंत माझा कोर्स संपला होता, अंगात जीव आला होता, 88 पडले. मोठं नाव नाही मिळालं पण घराजवळचं मिळालं, ट्रेनचा जाच सुटला. भाचीला सीईटी द्यायला लावा, नाहीतर बोर्डाची श्रेणीसुधार आहे, पुन्हा पेपर देता येतात.

रानजाई
आमचं बीड जिल्ह्यातलं. आईबाप ऊसतोडीच्या कोयत्यावर, दिवाळी झाली की टोळी निघायची ती पार मार्चला माघारी. मला शिकायचं म्हणून आजीपाशी ठेवलं, दहावीच्या डिसेंबरात आजीच पडली, मग मलाबी कारखान्यावर जावं लागलं. कोपीत, म्हणजे झोपडीत, रात्री चिमणीच्या उजेडात काय वाचणार. तिथंच डेंगू झाला. गणित आणि इंग्रजी दोन्ही गेले. एटीकेटीवर (राहिलेले विषय मागाहून द्यायचे) अकरावी आर्टला बसले, जुलैच्या परीक्षेत गणित सुटलं, इंग्रजीला अजून एक खेप लागली. आता जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झाले, त्याला आर्ट चालतं हे आम्हाला गावातल्या आशाताईनं सांगितलं, शाळेत कुणी सांगितलं नव्हतं. नर्सिंगला गेले तेव्हा त्या इंग्रजीच्या पेपरचं कुणी नावबी घेतलं नाही.

अर्धा कप
डिप्लोमा. कुणी सांगत नाही म्हणून सांगतो. दहावीच्या मार्कांवर पॉलिटेक्निक, मग डिप्लोमाच्या टक्क्यांवर थेट दुसऱ्या वर्षाला इंजिनिअरिंग, सीईटीची भानगडच नाही. बारावी सायन्सवाल्यांना डिप्लोमाच्याही दुसऱ्या वर्षाला घेतात. मी तसाच गेलो, बारावीत कावीळ. वर्षभर मित्रांना तोंड दाखवलं नाही हे खरं.

ओवी (फ्रीमाँट)
आमच्याकडे उलटं, इथे तो रकाना असतो आणि त्याचाच ताप होतो! मुलगा दहावीत असताना पुण्याहून कॅलिफोर्नियात आलो. आल्या आल्या त्याला मोनो (एक विषाणूचा आजार) झाला, दिवसाला चौदा तास झोपायचा. इथल्या युसी म्हणजे सरकारी विद्यापीठांत मार्कांचा हिशोब प्रामुख्याने दहावी-अकरावीचाच धरतात, म्हणजे नेमकं तेच वर्ष गेलं. अर्जात जादा माहितीची जागा होती, तिथे ह्यांनी दोन पानं लिहिली, देश सोडला, आजी सोडली, सगळं. लेकाने ते वाचून फक्त सहा ओळी ठेवल्या. तरी पहिल्या फेरीत नाही झालं. मग दोन वर्षं कम्युनिटी कॉलेज, म्हणजे इथलं जवळचं दोन वर्षांचं कॉलेज, घरून डबा, आणि तिथून युसीच्याच डेव्हिसला ट्रान्सफर. युसीच्या काही कॅम्पसमध्ये, अशा कॉलेजातून ठरलेले विषय नि ग्रेड पूर्ण केले की जागेची हमी देतात, त्यात डेव्हिस आहे. फीसुद्धा पुष्कळ वाचली, हे मी सासूबाईंना सांगितलेलं नाही, त्यांच्या मते नातू पहिल्यापासून डेव्हिसलाच आहे.

शेवग्याची शेंग
सगळ्यांना खूप खूप थँक्यू. भाचीने शेजारी बसून वाचलं, पीसीएमची बेरीज केली, 45 च्या वर आहे. सीईटी दिलीये तिने, निकाल यायचाय. कसारा लोकलच्या बाबांचं वाचून ताई उठून आत गेली. भाचीचा एकच प्रश्न आहे ओवीताईंना, त्या सहा ओळी काय होत्या?

ओवी (फ्रीमाँट)
त्याला विचारून लिहितेय, साधारण अशा: दहावीत आम्ही भारतातून आलो. फेब्रुवारीत मला मोनो झाला. पाच आठवडे शाळा बुडाली. गणितात सी आला. पुढच्या वर्षी त्याच्या वरचं गणित घेतलं. त्यात बी प्लस आहे.
ह्यांचं "माझा मुलगा लढवय्या आहे" हे वाक्य त्याने सगळ्यात आधी उडवलं होतं. ह्यांना अजून राग आहे.