सहा महिन्यांपुढच्या सगळ्याच बाळांना लोहाचं सिरप, की आधी रक्त तपासायचं?

दुसरा_थेंब
'ॲनिमिया मुक्त भारत' या सरकारी कार्यक्रमात (२०१८ पासून) ६ ते ५९ महिन्यांच्या प्रत्येक मुलाला आठवड्यातून दोनदा १ मिली सिरप देतात. त्यात २० मिग्रॅ लोह आणि १०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. हे सरसकट वाटप मला पटत नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ मध्ये महाराष्ट्रातली ६८.९ टक्के मुलं ॲनिमिक निघाली. पण तिथे रक्त बोट टोचून घेतात. बोट गार असेल आणि पिळून थेंब काढला, तर त्यात ऊतींमधलं पाणी उतरतं आणि आकडा खाली येतो. राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणाने (२०१६-१८) शिरेतून रक्त घेतलं, तेव्हा १ ते ४ वर्षांत देशभरात ४१ टक्के ॲनिमिया आणि ३२ टक्के लोहाची कमतरता दिसली. वयोगट नेमके तेच नाहीत, हे मान्य. तरी फरक केवढा! त्यात गडचिरोली-नंदुरबारकडे सिकल सेल हा आनुवंशिक रक्तविकार आहेच, त्यातला ॲनिमिया लोहाच्या कमतरतेचा नसतो.

शिवाय बांगलादेशात आठ महिन्यांच्या ३३०० बाळांवर चाचणी झाली (निष्कर्ष २०२१). तीन महिने रोज लोह देऊन ॲनिमिया घटला, पण बौद्धिक विकासाच्या गुणांत फरक नाही. मग 'मुलाच्या मेंदूसाठी सिरप' असं आईला कशाच्या जोरावर सांगायचं?

आमसूल
तपासणीची वाट बघण्यातच घोळ आहे. हिमोग्लोबिन सगळ्यात शेवटी उतरतं. आधी लोहाचा साठा रिता होतो, आणि उरलेलं लोह शरीर लाल पेशींकडे आधी वळवतं, मेंदूकडे नंतर. म्हणजे अहवालात ११.२, ॲनिमियाच्या ११ च्या रेषेच्या वर, लिहिलेलं असताना मायलिन (मज्जातंतूंचं वेष्टन), हिप्पोकॅम्पस (मेंदूतला स्मरणाचा भाग) आणि डोपामिन (मेंदूतलं संदेशवाहक रसायन) यांची ओढाताण सुरू झालेली असू शकते. असं मूल आजारी दिसत नाही. आईला चिकटून राहतं, नवीन खेळण्याकडे हात जात नाही, लवकर दमतं. घरचे म्हणतात, "गुणी बाळ आहे, त्रास म्हणून नाही."

फेरिटिन (लोहाचा साठा दाखवणारं प्रथिन) तपासा म्हणाल, तर ते संसर्गात वाढतं. निरोगी मुलात १२ च्या खाली ते कमी. ताप-सर्दीत तीच रेषा ३० वर धरावी लागते, म्हणजे सोबत सीआरपी (संसर्ग-दाह दाखवणारी रक्तचाचणी) आलं. उपकेंद्रात कुठून करणार?

बांगलादेशच्या चाचणीबद्दल: आठवा महिना उशिराचाच. साठा गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत भरतो, नाळ १ ते ३ मिनिटं थांबून बांधली तर आणखी भर पडते. कोस्टा रिकात तान्हेपणी कमतरता असलेली मुलं उपचारानंतरही पाच वर्षांची झाल्यावर चाचण्यांत मागे होती. याचा अर्थ लोह लवकर पोचवा, असा मी लावतो.

नाचणीसत्त्व
औषध कशाला? नाचणी, गूळ, पालक द्या की.

हिशेबवही
नाचणीत १०० ग्रॅमला साधारण साडेचार मिग्रॅ लोह. बाळ एका वेळी २०-२५ ग्रॅम खाणार, म्हणजे जेमतेम १ मिग्रॅ, आणि त्यातलं थोडंच अंगी लागतं, कारण धान्यातलं फायटेट लोहाला अडवतं. नाचणी भिजवून मोड आणा, वरण-भाजीवर लिंबू पिळा, उपयोग होतो. चहा-बिस्किट बंद. गाईचं दूध दिवसाला अर्ध्या लिटरच्या वर गेलं की जेवणाला पोटात जागाच उरत नाही.

आता मूळ वादाकडे. दोनदा २० म्हणजे आठवड्याला ४० मिग्रॅ. १० किलोच्या ॲनिमिक मुलाला उपचारासाठी किलोमागे ३ मिग्रॅ, म्हणजे रोज ३०, आठवड्याला २१० मिग्रॅ लागतात. प्रतिबंधाचं सिरप त्याच्या पाचव्या हिश्शाइतकंही नाही. तेव्हा सरसकट द्याच, पण कोणाचं हिमोग्लोबिन ७ ते १०.९ आहे हे न तपासता दिलंत तर ज्याला खरी गरज त्याचीच उपासमार. सातच्या खाली थेट रुग्णालय.

दुसरा_थेंब
हेच तर म्हणतोय! आणि महिनाभर पूर्ण डोस घेऊनही हिमोग्लोबिन १ ग्रॅमने चढलं नाही, तर बाटली बदलत बसू नका, एचपीएलसी (सिकल सेल, थॅलेसेमिया ओळखणारी रक्तचाचणी) करा. शिवाय २०२४ पासून जागतिक आरोग्य संघटनेने २३ महिन्यांपर्यंतची ॲनिमियाची रेषा ११ वरून १०.५ केलीय. कालचं ॲनिमिक बाळ आज एका कागदाने बरं!

आमसूल
रेषा हलली, म्हणून १०.७ वाल्याचा साठा भरत नाही. ६ ते २३ महिने मी तरी सरसकटच देईन. दोन वर्षांपुढे तुमचं 'तपासून द्या' ऐकेन. थॅलेसेमिया मेजर (आनुवंशिक रक्तविकार) असलेलं किंवा वारंवार रक्त चढवलेलं मूल अर्थात वगळून.

आणि वाटप फसतं ते बहुधा घरात. सिरप दुधात मिसळतात, मग लोह नीट शोषलं जात नाही. दूध पाजल्यावर तासाभराने, जिभेच्या मागच्या बाजूला सोडा, दात काळे पडत नाहीत. शी काळी होणार, हे बाटली हातात देतानाच सांगा, नाहीतर तिसऱ्या दिवशी ती फळीवर जाते. ताप, जुलाब, न्यूमोनिया असेल तेवढे दिवस थांबवा. ५० मिलीची बाटली २५ आठवडे पुरते. दोन महिन्यांत संपली तर मोजणी चुकतेय. साखर साकळून ड्रॉपरचं तोंड बुजतं, ते कोमट पाण्याने धुवा. बाटली मात्र मुलाचा हात पोचणार नाही अशीच ठेवा. गोड असते, आणि एकदम प्यायली तर जिवावर बेतू शकतं.