उड्डाणपुलाच्या खांबांवरची बाग: हिरवाई की देखावा?

टेकडीफिरस्ता: आमच्या चौकातल्या पुलाच्या खांबांना दोन वर्षांपूर्वी कुंड्या लावल्या. आज निम्म्यांत वाळक्या काड्या, एकीत गुटख्याच्या पुड्या, आणि ठिबकची नळी फाटून लोंबतेय. म्हणे पॅरिससारखं करायचं होतं! तिथल्या के ब्रान्ली संग्रहालयाच्या भिंतीवर पात्रिक ब्लां या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने मातीविना झाडं लावली, मुळं जाड कापडात आणि वरून खत मिसळलेलं पाणी. पंप बंद पडला तर खेळ खलास. आपल्याकडे मे महिन्यात प्यायला टँकर मागवतात, तिथे खांबांना पाणी कोण घालणार?

गच्चीवाली_मावशी: खांबांचं सोडा हो, गच्चीवर भाजी लावा. माझ्याकडे उसाचं चिपाड, पालापाचोळा आणि घरचा ओला कचरा यांवर वांगी, पालक, घेवडा होतो. क्युबात १९९१ नंतर सोव्हिएत मदत आटली, डिझेल-खत मिळेना, तेव्हा हवानातल्या लोकांनी मोकळ्या प्लॉटवर वाफे घालून भाजी पिकवली. हौस म्हणून नव्हे, पोटासाठी.

वैतागलेला_सेक्रेटरी: मावशी, तुमचा पालक आणि खालच्याच्या बेडरूमला ओल! ओल्या मातीचं वजन घनमीटरला दीड टनाच्या पुढे जातं. इटलीत मिलानला 'बॉस्को व्हर्टिकाले' म्हणून बाल्कन्यांत झाडं लावलेले टॉवर आहेत, तिथे झाडांचा भार धरूनच इमारत बांधली, छाटणीला माळी दोरावरून उतरतात. आमची सोसायटी १९८६ची, गच्चीचं वॉटरप्रूफिंग दोनदा झालंय, वर्गणी अजून वसूल होतेय.

गच्चीवाली_मावशी: म्हणून तर चिपाड म्हणतेय, माती नव्हे. पिशव्या विटांवर ठेवते, खालून वारा खेळतो. ओल तुमच्या फुटलेल्या पन्हाळीमुळे येते, पावसाळ्यात स्वतः वर येऊन बघा.

आकडेमोड्या: भाजी ताजी, मान्य. पण त्याने शहर जेवत नाही. सिंगापूरने २०३०पर्यंत पोषणाची ३० टक्के गरज घरच्या घरी भागवायचं ठरवलं होतं. पैसा आणि तंत्रज्ञान असूनही २०२५मध्ये ते उद्दिष्ट सोडलं. पुण्याची भाजी पुरंदर, नारायणगावाकडूनच येणार.

गच्चीवाली_मावशी: शहर जेवू घालायचं कोण म्हणतंय? माझा ओला कचरा जिन्याखाली उतरत नाही, एवढं पुरे.

टेकडीफिरस्ता: मावशींशी माझं भांडण नाहीच. माझा राग त्या खांबांवर. पूल बांधताना तिथलाच पिंपळ तोडला. त्याला कोणी पाणी घालत नव्हतं, नळीही लागत नव्हती, आणि त्याच्या सावलीत रिक्षा स्टँड होता.