पिक अप म्हणजे नेमकं काय उचलायचं?

दिवाळीला भाची पुण्याहून सोलापूरला येणार होती. पहाटे फोन वाजला. ‘मामा, पिक अप कर ना!’ म्हटलं, ‘उचललाय की फोन, बोल!’ ती बिचारी पुणे नाक्यावर थंडीत बॅगा घेऊन उभी. तुमचेही असे घोटाळे झाले असतील, तर खाली लिहा की.

*

आमचा टॉवेलचा धंदा. कापडात आडव्या धाग्याला पिक म्हणतात. इंचाला पिक किती, त्यावर वीण घट्ट की विरळ हे ठरतं. नवा होतो तेव्हा गिऱ्हाइकाचा मेल आला, ‘प्लीज पिक अप द सॅम्पल्स.’ मी जॉबरला, म्हणजे माग लावणाऱ्या मिस्त्रीला सांगून टाकलं, पिक वाढवा! त्यानं मागाचं चाक बदललं, सूत जास्त गेलं, माल सावकाश निघाला. गिऱ्हाइकाला फक्त नमुने घेऊन जायला माणूस हवा होता. वडील आठवडाभर बोलले नाहीत. खरं तर मागावर हे अप-ऑफ पहिल्यापासून आहेत. टेक अप विणलेलं कापड गुंडाळतो, लेट ऑफ बीमवरचा, म्हणजे मागच्या रुळावरचा ताणा (उभे धागे) सोडतो. पुढं इंग्रजी बातमीत पोलिसांनी कुणाला तरी ‘लेट ऑफ’ केल्याचं, म्हणजे सोडून दिल्याचं वाचलं, तेव्हा डोळ्यांपुढं आधी बीमच आला.

*

मी सोलापूरच्या पूर्व भागातला. घरात तेलुगू, गल्लीत मराठी, शेजारी कन्नड. मुलाखतीत साहेब म्हणाले, ‘सो यू पिक्ड अप कन्नडा?’ मला वाटलं, चोरली म्हणतायत! घाईघाईनं ‘नो सर’ म्हणालो. कन्नड कानावर पडून पडून आली, एवढंच विचारत होते ते. नोकरी हुकली. त्याचं कारण हेच असं नाही म्हणा.

*

शाळेत इंग्रजी शिकवते. मुलं हमखास ‘पिक अप मी’ लिहितात. बॅग असेल तर ‘पिक अप द बॅग’ चालतं, ‘पिक द बॅग अप’ही चालतं. पण मी, हिम, इट आले की मधेच बसवायचे: ‘पिक मी अप’. दरवर्षी फळ्यावर लिहिते, दरवर्षी पेपरात तेच.

*

अमेरिकेतल्या चुलतभावाला म्हटलं, माझ्या पिकअपला प्रॉब्लेम आहे बे. तो म्हणाला, ‘टेम्पो कधी घेतलास?’ अरे, बाईक चढाला दम टाकतीय म्हणत होतो मी!

*

मॅडम, भाचीला वाचून दाखवलं. म्हणते, ‘मामा, मी ‘मला’ म्हटलेलं, तुला ऐकू आलं नाही.’